आईचं माहेरचं नाव

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर तिच्याविषयी जे ऐकलं ते सगळं चांगलंच. फार सोशिक होती, कधी उलटून बोलली नाही, दारी आलेल्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सांगणारी माणसं मायेनंच सांगत. पण हे गुण आमच्या आळीतल्या कुठल्याही गेलेल्या बाईला लागू पडले असते. त्यातून आई हाती लागेना.

शाळेत असताना मी तिला 'श्यामची आई'त शोधलं. श्यामचं गाव, दापोली तालुक्यातलं पालगड, तर आमच्याच जिल्ह्यातलं. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत बहुतेक पुस्तक लिहून काढलं. मराठी घरांत आईची मूर्ती बसली ती याच पुस्तकानं. मी आजही ते कोरड्या डोळ्यांनी वाचू शकत नाही. पण आईनं आपल्याला काय दिलं, हे तिथं मुलगा सांगतो. मला हळूहळू वेगळंच हवंसं वाटू लागलं. माझ्या वयाची असताना ती कशी होती? तिला काय आवडत नव्हतं? ती कुणावर चिडायची?

पुढे आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' वाचलं आणि हे प्रश्न विचारण्याची भीड चेपली. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली, शारदा सदनात शिकली, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिनं पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरूड गावाचा बहिष्कार सोसला. गोदूबाईची आनंदीबाई झाली, मग सगळ्यांची बाया. तिनं स्वतः सांगितलं नसतं, तर लोकांनी कर्व्यांची पत्नी एवढ्यावरच तिची बोळवण केली असती. माझ्या आईनं तर काहीच लिहून ठेवलं नाही.

म्हणून मी संगमेश्वरकडच्या तिच्या माहेरी गेले. तिचं सासरचं नाव तिथं कुणाच्या तोंडी नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं मागे राहिलं. गावातल्या शाळेच्या रजिस्टरात ते जुनं नाव सापडलं. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात बारीक अक्षरात 'घरकाम' असं लिहिलेलं. मी कितीतरी वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून होते. सोशिकपणाच्या सगळ्या कौतुकात हे कुणीच सांगितलं नव्हतं, की तिला शाळेतून काढलं होतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं. मला त्याचा मनापासून आनंद झाला, पण कागदावर चढणारं नाव बहुधा सासरचं असेल. त्यामागची मुलगी हवी असेल तर म्हाताऱ्या माणसांना वेळेत गाठायला हवं, आणि 'ती चांगली होती ना?' असं विचारणं सोडायला हवं.

मी मामीला विचारलं, ती कशावरून भांडायची? मामी पटकन म्हणाली, "अगो, वाचण्यावरून! दिवा मालव म्हटलं की ऐकायची नाही. आणि आजोबांनी आणलेलं पहिलं स्थळ तिनं तोंडावर नाकारलंन. त्यांच्या घरात पेपर येत नाही म्हणाली."