व्यवसायांतर आणि स्वधर्म

मनुष्याने एकदा पत्करलेला व्यवसाय मध्यम वयात सोडून दुसरा धरावा काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. परंतु वस्तुतः तो धर्माचा प्रश्न आहे. दहा-बारा वर्षे वकिली केलेला एखादा गृहस्थ, घरी वृद्ध आईवडील, पत्नी आणि शाळेत जाणारी मुले असता, डॉक्टर होण्याची इच्छा धरतो. ही अंतःकरणाची हाक समजावी, की चंचल मनाचा खेळ?

व्यवहाराचे दार आज त्याला बंद नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ साली उठविण्यात आली. बारावीस जीवशास्त्र न घेतलेल्यासही तो विषय मागाहून उत्तीर्ण होऊन परीक्षेस बसण्याची मुभा २०२३ साली मिळाली. प्रवेश मिळाल्यावर साडेचार वर्षांचा अभ्यास आणि रुग्णालयातील एक वर्षाची उमेदवारी असते. परंतु ही परीक्षा जसे जास्त वय आड आणीत नाही, तसा हेतूही विचारीत नाही. तो प्रश्न ज्याचा त्यानेच स्वतःला विचारला पाहिजे.

गीतेने स्वधर्माचा महिमा तिसऱ्या अध्यायात सांगितला आणि अठराव्यात पुन्हा सांगितला. त्यावरून कित्येकजण असे अनुमान काढतात की, हातचा धंदा सोडणे म्हणजेच स्वधर्मत्याग. पण वकिलीची सनद म्हणजे स्वधर्म नव्हे. त्याच अठराव्या अध्यायात, शरीरक्लेशाच्या भयाने केलेल्या त्यागास राजस म्हटले आहे. पक्षकारांचा कंटाळा आला, तारखांमागून तारखा पडतात, म्हणून जो न्यायालय सोडतो, त्याला रुग्णालयातील रात्रपाळीही लवकरच नकोशी होईल. कारण कंटाळा व्यवसायात नसून त्याच्या चित्तात आहे.

मग खरी हाक ओळखावी कशी? या बाबतीत दोन वकिलांची चरित्रे मननीय आहेत.

महात्मा गांधींना विलायतेस जाताना वैद्यक शिकण्याची इच्छा होती. परंतु वैष्णव कुटुंबास शवविच्छेदन मान्य नसल्याने १८८८ साली ते कायदा शिकण्यास गेले. ती ओढ मात्र विझली नाही. डरबनमध्ये वकिली चांगली चालू असताना ते एका धर्मादाय रुग्णालयात रोज तास-दोन तास जात, रोग्यांची तक्रार ऐकून ती डॉक्टरांपुढे मांडीत आणि औषध देत. त्यांतील बहुतेक रोगी गिरमिटिया मजूर होते. त्यासाठी त्यांनी वकिली सोडली नाही. उलट वादी-प्रतिवादींचा समेट घडविणे हेच वकिलाचे खरे काम, असे ते मानू लागले.

दुसरे चरित्र बाबा आमटे यांचे. वरोऱ्यास वकिली करीत असता पावसात पडलेला एक कुष्ठरोगी दृष्टीस पडला, तेव्हा ते प्रथम भयाने दूर पळाले; मग स्वतःचीच लाज वाटून परत फिरले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे वकिली सोडून त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगोपचाराचे शिक्षण घेतले आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. त्या माळरानावर पत्नी साधनाताई आणि दोन लहान मुले त्यांच्यासमवेत होती. पदवीधर डॉक्टर ते कधीच झाले नाहीत.

एकाने व्यवसाय ठेवला, दुसऱ्याने सोडला. पण दोघांच्याही बाबतीत सेवा आधी आली. नावापुढे डॉक्टर ही अक्षरे लागण्याची वाट पाहत त्यांपैकी कोणीही थांबला नाही. यातच कसोटी आहे. ज्या कर्माची अगदी खालची पायरी, मानाची अपेक्षा न धरता, मनुष्य आनंदाने चढतो, ते कर्म त्याच्या स्वभावातले समजावे. चाळिशीच्या वकिलास आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या डॉक्टरांची बोलणी ऐकून घ्यावी लागतील. ती निमूटपणे सोसण्याची तयारी नसेल, तर त्याला रोग्याचे दुःख नव्हे, डॉक्टरची प्रतिष्ठा हवी आहे, हे त्याने ओळखावे.

शिवाय गृहस्थाश्रमी मनुष्य एकटा नसतो. त्याच्या साडेपाच वर्षांच्या तपाचा भार पत्नीच्या खांद्यावर पडतो आणि मुलांच्या वाट्याचे पैसे त्याच्या पुस्तकांना लागतात. त्यांची मनापासून संमती घेतल्यावाचून केलेल्या त्यागात दुसऱ्याचेच अधिक दिले जाते. दुसऱ्याच्या घासावर उभारलेली सेवा पवित्र कशी म्हणावी?

तेव्हा अशा गृहस्थाने प्रथम एक वर्षभर, वकिली चालू ठेवूनच, एखाद्या धर्मादाय दवाखान्यात जे पडेल ते काम करावे. आपल्याकडे आलेल्या गरीब पक्षकाराचे दुःखही रोग्याच्या दुःखाइतकेच मन लावून ऐकावे. वर्षअखेर ओढ ओसरली, तर घरादाराचे नुकसान टळले आणि वकिलीही शुद्ध झाली. ओढ वाढली, घरच्यांनीही होकार दिला, तर निःशंकपणे पुढे जावे. अशा मनुष्याने स्वधर्म सोडला असे होत नाही. उशिरा का होईना, तो त्याला गवसला असे होते.