पाझर कुणाचा?

काकूंच्या बेडरूमच्या छतावर पहिला डाग उमटला तो पंख्याच्या हुकाभोवती, बशीएवढा. एका रविवारी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, “अरे, तुझ्या बाथरूममधून काही झिरपतंय का, एकदा बघशील?” जुन्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचा माणूस अशा वेळी जे उत्तर देतो तेच मी दिलं. “काकू, आमचं बाथरूम तुमच्या बेडरूमवर येतच नाही.”

ते खरंच होतं. मधे एक अख्खी खोली होती.

मुलुंड पूर्वेची आमची इमारत १९७०च्या दशकातली. अशा इमारतींत गळती हा सभेचा कायमचा विषय. मे महिन्यात गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, कठड्याच्या कडेने वाटा, ते जमलं नाही तर ताडपत्री. उपविधींनी वाटणीही करून ठेवली आहे: पावसाचं पाणी, गच्ची, बाहेरचे पाइप सोसायटीकडे, संडास-बाथरूमची आतली गळती सभासदांकडे. वाटणी स्वच्छ आहे, पण पाण्याने उपविधी वाचलेले नसतात. ते एकीकडे शिरतं आणि वाट मिळेल तसं जाऊन तिसरीकडेच दिसतं. अमेरिकेत जुने छोटे कॅम्पर ट्रेलर दुरुस्त करणाऱ्यांचं हेच दुखणं: छताच्या सांध्यातून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि भलत्याच कोपऱ्यातली जमीन कुजवतं. ते लोक ट्रेलरच्या आत पंख्याने हवा भरतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की तिथे फट. आपल्या ब्लॉकला असं फुगवता येत नाही.

एक खूण मात्र मला तेव्हाही ठाऊक होती. पावसाची ओल दिवाळीनंतर सुकायला लागते, बाथरूमची बारमाही असते. काकूंचा डाग मार्चमध्येही ओला होता. मी ते पाहिलं आणि लक्षात घेतलं नाही.

शेवटी चाचणी झाली. प्लंबरने नहाणी ट्रॅपच्या तोंडाला बोळा लावला, बाथरूममध्ये रंगीत पाणी भरलं आणि दोन दिवस ठेवलं. खाली रंग उतरला नाही. मला जे वाटलं त्याला सुटका म्हणणं सौम्य होईल. मी जिंकलो होतो. काकूंना तसं सांगितलंही, आवाज जरा चढाच असावा. त्या “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा कधी वर आल्या नाहीत.

१८६० साली लँकेशायरमध्ये जॉन रायलँड्स या गिरणीमालकाने तलाव बांधून घेतला. खाली जुन्या खाणीचे बुजलेले मार्ग होते. ठेकेदारांनी ते नीट बंद केले नाहीत आणि पाणी शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या खाणीत शिरलं. रायलँड्सला त्या मार्गांची कल्पनाही नव्हती. तरी १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जबाबदार धरलं: घातक ठरू शकेल असं काही तू आपल्या जमिनीवर साठवलंस आणि ते निसटलं, तर ते तुझ्याकडे. कायद्यापुरतं हे ठीक. पण मला जास्त टोचतं ते बर्नर्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाचं उदाहरण. ट्रकचालकाची काही चूक नसताना मूल गाडीखाली येतं. बघ्यांनाही वाईट वाटतं, पण चालकाला वेगळं वाटतं आणि तसं वाटायलाच हवं. “माझी चूक नव्हती” म्हणत जो लगेच सावरतो त्याच्याबद्दल आपल्याला शंका येते. मी तर चूक आहे की नाही हे कळायच्या आधीच सावरलो होतो.

कुणी विचारेल, खालच्याने डाग दाखवला की वरच्याने दरवेळी लादी फोडायची का? नाही. बाथरूम उखडून शेवटी दोष बाहेरच्या पाइपमध्ये निघाला, अशीही घरं मी पाहिली आहेत. खर्च कुणी द्यायचा हा वेगळा आणि नंतरचा हिशेब. पण मी काकूंकडे पुरावा मागत होतो आणि तो पुरावा माझ्या लादीखाली होता. त्यांच्या हाती फक्त डाग होता. शोधायला हात माझेच पोचत होते. दोष सिद्ध झाल्यावर शोधू, असं मी म्हणत होतो, म्हणजे शोधणारच नव्हतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर आमचीच लादी हलायला लागली म्हणून फोडली. काकूंसाठी नव्हे, हेही लिहून ठेवतो. ट्रॅप आणि पाइपच्या सांध्याला चीर होती. चाचणीत आम्ही तोंडच बंद केलेलं, त्यामुळे पाणी त्या सांध्यापर्यंत पोचलंच नव्हतं. रोजच्या आंघोळीचं पाणी कोब्यात मुरत होतं आणि स्लॅबमधल्या वायरच्या नळीतून थेट काकूंच्या पंख्याच्या हुकाशी उतरत होतं.

सांगायला खाली गेलो. पलंग हॉलमध्ये होता. दोन उन्हाळे त्या तिथेच झोपत होत्या. शॉक लागेल या भीतीने बेडरूमचा पंखा लावला नव्हता. “मला बोलला का नाहीत?” मी विचारलं. “बोलले होते की एकदा,” त्या म्हणाल्या.

सांधा बदलला. छत पुरतं सुकायला दोन महिने गेले. नवी वायर ओढून इलेक्ट्रिशियनने बटण दाबलं, तेव्हा काकूंनी पंखा एकवरच ठेवायला सांगितला. मग खुर्ची पंख्याखालून थोडी बाजूला ओढून घेतली आणि मला म्हणाल्या, “बस, चहा टाकते.”