राष्ट्रीयत्वाचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. इथे पाचोडला तो भरताना शिक्षक पुरावा मागत नाही. बाप मोसंबीच्या मार्केटमध्ये हमाल असो की व्यापारी, ‘भारतीय’ लिहून पेन पुढे सरकते. हा विश्वास मला योग्य वाटतो. मग पुढे त्याच मुलाला हे सिद्ध करावे लागले, तर ते काय दाखवणार?

आपण म्हणाल, जन्मदाखला. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्याला तेवढे बहुधा पुरे होते. नंतर कायदा बदलला. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघेही नागरिक हवेत; एकच असेल तर दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे मुलाचा पुरावा आता आईबापाच्या पेटीत गेला.

आता असे कुटुंब घ्या, ज्यात आईबाप परदेशातून आले, वर्षानुवर्षे राहिले, निष्ठेची शपथ घेऊन नागरिक झाले. गायक अदनान सामी यांना १ जानेवारी २०१६ पासून असे नागरिकत्व मिळाले तेव्हा त्याची बातमी झाली. साध्या माणसाची होत नाही. या घरातली थोरली मुलगी बाहेर जन्मलेली. तिच्यासाठी १९५५ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो आणि मंजूर झाला की तिच्या नावाचे प्रमाणपत्र येते. धाकटा आईबाप नागरिक झाल्यावर इथेच जन्मला. तो जन्मतःच नागरिक, कुणाच्या मंजुरीची गरज नाही. पण म्हणूनच त्याच्या हाती प्रमाणपत्रही नाही! ज्याचा हक्क अधिक सरळ, त्याचेच हात रिकामे.

आधार कार्ड उपयोगाचे नाही. तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्याच्या एका जामीन प्रकरणात आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी नागरिक ठरत नाही, असे सांगितले.

नागरिक कोण, हे शासनाला कळलेच पाहिजे. खोटे दाखले निघतात, हेही खरे. त्यामुळे पडताळणीला माझा विरोध नाही. प्रश्न ओझ्याचा आहे. परकीय असल्याचा संशय आला, तर तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकली होती. २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती तिथेच ठेवली. पण आपल्या धाकट्याच्या बाबतीत पुरावा कुणाजवळ आहे? आईबापाला प्रमाणपत्र शासनानेच दिले, त्याची नोंद शासनाच्याच दप्तरात आहे. बापाची पेटी पुरात वाहून गेली, वाटणीत चुलत्याकडे राहिली, तरी ते दप्तर जागेवरच असते. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने कुलूप उघडायचे नाही, आणि ज्याच्या हाती काही नाही त्याने बाहेरून सिद्ध करत बसायचे, यात इन्साफ कुठे आहे? मुलाने ना सरहद्द ओलांडली, ना अर्ज केला.

उपाय अवघड नाही. जन्म नोंदवतानाच आईबापाच्या नागरिकत्व प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घ्यावा आणि तो दाखल्यावर छापावा. जन्मदाखल्यावर आईबापाचे नाव असते, पत्ता असतो. हा क्रमांक लिहायला जागा नसते. जन्माची माहिती देण्याच्या फॉर्ममध्ये मात्र धर्माचा रकाना कधीपासूनचा आहे.