खिडकी कुठे आहे?

पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता कर्नाळ्याकडे वळतो. त्या रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या माळ्याची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली अरेका पामच्या रांगा, काळ्या पिशव्यांतले मनीप्लांट, मागे शेणखताचा ढीग. कामोठे-खारघरची माणसं रविवारी गाडी थांबवत आणि दोन-चार कुंड्या डिकीत घालून नेत. माळ्याला सगळे आबा म्हणत.

आबांची सून वेबसाइट बनवायला शिकलेली होती. तिने नर्सरीचं ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलं. घरातली जेवणं उरकली की ती रात्री लॅपटॉप घेऊन बसे. दुकान देखणं झालं. मोठाले फोटो, रोपांची शास्त्रीय नावं, प्रत्येकाखाली ‘हवा शुद्ध करणारे’ असा हिरवा शिक्का. किमतीप्रमाणे बघा, उंचीप्रमाणे बघा, सगळी सोय होती. ऑर्डरी येऊ लागल्या. आबा खोकी बांधत, मुलगा ती कुरिअरला देऊन येई.

थोड्याच दिवसांत तक्रारींचे फोनही सुरू झाले. रोप पिवळं पडलं. रोप कुजलं. फोटोत केवढं दिसत होतं आणि आलं एवढंसं.

एक दिवस पनवेलच्या लाइन आळीतून एक आजी रिक्षाने आल्या. मांडीवर कुंडी होती. तक्रार कुठे लिहायची ते त्यांना फोनवर सापडलं नव्हतं. आबांनी रोप अलगद उपसलं. मुळं काळी पडली होती, मातीला कुबट वास येत होता.

“रोज पाणी घातलंत?”

“रोज. नियमित पाणी घाला असं लिहिलं होतं ना तुमच्या दुकानात.”

“कुंडी ठेवली कुठे होती? खिडकी कुठे आहे?”

“खिडकी आहे, पण ती जिन्याकडे उघडते. ऊन कधी येत नाही.” मग आजी हळूच म्हणाल्या, “माझ्या हातालाच गुण नाही हो. झाडं जगतच नाहीत माझ्याकडे.”

“हाताचं काही नाही, आजी,” आबा म्हणाले. त्यांनी ती कुंडी ठेवून घेतली आणि झेडझेडचं एक रोप आणून दिलं. “हे कमी उजेडात तग धरतं. याच्या मुळाशी गड्डे असतात, पाणी त्यांत साठतं. माती खालपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही.” पैसे घेतले नाहीत.

सून हे सगळं बघत होती. पुढच्या रविवारी ती खताच्या गोणीवर बसून राहिली आणि आबा माल कसा विकतात ते नुसतं ऐकत गेली. ‘कोणतं रोप हवं?’ असं आबा कुणालाच आधी विचारत नव्हते. खिडकी कुठे आहे? पाणी कोण घालणार? घरात मांजर आहे का? एवढं कळलं की मग ते रांगेत शिरत. मांजर असलेल्या घराला त्यांनी मनीप्लांट दिला नाही. त्याचं पान चावलं की मांजराच्या तोंडाची आग होते. त्यांनी स्पायडर प्लांट दिला. एका साहेबांना बिनखिडकीच्या ऑफिसात उंच फिडल लीफ ठेवायचं होतं. आबा म्हणाले, “तिथे ते टिकणार नाही. मी देत नाही.” साहेब रागावून गेले.

“चांगलं गिऱ्हाईक घालवलंत,” मुलगा म्हणाला.

“रोप मेलं असतं म्हणजे गिऱ्हाईक कायमचं गेलं असतं,” आबा म्हणाले. “एकदा झाड मेलं की माणूस स्वतःलाच दोष देतो. मग पुन्हा लावतच नाही.”

त्या रात्री सुनेने दुकान मोडलं आणि नव्याने मांडलं. उघडल्याबरोबर आता रोपं दिसत नव्हती. मोठ्या मराठी अक्षरांत आबांचे तीन प्रश्न होते, एका वेळी एकच. उत्तरं दिली की त्या घरात जगतील तेवढीच रोपं पुढे येत. काहीच जुळलं नाही, तर तसं स्पष्ट लिहून येई. प्रत्येक फोटोत रोपाशेजारी घरातला पितळी तांब्या ठेवला, म्हणजे आकार नजरेला कळे. ‘नियमित पाणी’ काढून तिथे लिहिलं, बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. तक्रारीचं बटण सगळ्यांत वर आलं. शनिवारी पार्सल पाठवणं बंद केलं, कारण रविवारभर रोप गोदामातल्या खोक्यात घुसमटे.

हिरवा शिक्काही तिने काढला. शोधल्यावर तिला कळलं की रोपं हवा शुद्ध करतात हे ज्यावरून सांगतात, तो नासाचा 1989 सालचा प्रसिद्ध अभ्यास लहानशा बंद पेट्यांमध्ये झाला होता. वारा खेळत्या घरात चार कुंड्यांनी हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. मुलगा म्हणाला, “या शिक्क्यामुळेच तर लोक घेतात.” ती म्हणाली, “मग ते रोप घेत नाहीत, शिक्का घेतात.”

विक्री आधी कमी झाली. नवरा-बायकोत त्यावरून बोलाचालीही झाली. पण रोप मेल्याचे फोन हळूहळू थांबत गेले आणि एकदा रोप नेलेली माणसं दुसऱ्या कुंडीसाठी परत येऊ लागली.

दुकान सोपं करायचं म्हणजे बटण मोठं करायचं आणि पैसे लवकर भरून घ्यायचे, असं पुष्कळांना वाटतं. त्या आजींना पैसे भरणं सोपंच गेलं होतं. अवघड भाग नंतरचा होता, आणि तो दुकानाने त्यांच्या एकटीवर टाकला होता. जे दुकानाने विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, आणि गुण नाही म्हणून बोल लागला त्यांच्या हाताला.

श्रावण सरत आला तेव्हा आबांनी सुनेला बोलावून चौथा प्रश्न सांगितला: “गणपतीला गावी किती दिवस जाता, ते विचार. निम्मी इमारत कुलपात असते तेव्हा.” तिने तो त्याच दिवशी घातला. आधी रोपं नेलेल्यांना तिने निरोपही धाडला, की निघण्याआधी कुंड्या उन्हातून आत, एकमेकींना खेटून ठेवा आणि ताटल्यांत साचलेलं पाणी ओतून टाका.