दिवा, तार, पत्ता

डोळे मिटायचे नाहीत. बाकी सगळं नेहमीच्या मननासारखं: पाठ ताठ, खांदे सैल, श्वास त्याच्या चालीनं. पण डोळे उघडे हवेत, कारण सुरुवात एका दिव्यापासून आहे.

लॅपटॉप समोर आहे. पडद्याच्या कोपऱ्यात इंटरनेट नसल्याची खूण आली आहे. तिच्याकडे तूर्त बघू नका. ती ‘नाही’ एवढंच सांगते, कुठं अडलंय ते सांगत नाही. लॅपटॉपच्या कडेला लोंबणारा अ‍ॅडॉप्टर तळहातावर घ्या. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला केबलचं चौकोनी तोंड. हे तोंड आताच्या सडपातळ लॅपटॉपच्या कडेत मावत नाही. २००८ साली मॅकबुक एअर त्याच्याशिवायच आला, मग एकेक करून बरेच जण त्या वाटेनं गेले, आणि ही डबी आपल्या गळ्यात आली.

आपण कुठं बसलो आहोत, तेही मनाशी आणा. कालकाजीतली बरसाती, म्हणजे गच्चीवरची एकटी खोली. जवळच नेहरू प्लेस. डबी तिथूनच घेतलेली. वर, खाली, शेजारी प्रत्येक घरात राउटर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि एवढी घरं त्यांवर बोलत असतात. म्हणून तार. गल्लीतल्या केबलवाल्यानं ती खांबावरच्या पेटीतून कठड्यावरून थेट खोलीत सोडली आहे.

आता दिवा. अ‍ॅडॉप्टरच्या तोंडाशी बहुधा दोन बारीक दिवे असतात, एक स्थिर, एक लुकलुकणारा. रंगांवर जाऊ नका, ते कंपनीगणिक बदलतात. स्थिर दिवा लागला असेल तर तारेच्या पलीकडच्या टोकाला कोणी जागं आहे, इतकंच समजा. त्याहून जास्त त्याच्या तोंडी घालू नका. दिवा नसेल, तर पासवर्ड, सेटिंग, ग्राहकसेवेचा नंबर सगळं बाजूला. प्लग काढा आणि ‘टक्’ ऐकू येईपर्यंत पुन्हा बसवा. तो आवाज प्लगवरच्या प्लास्टिकच्या क्लिपचा. क्लिप तुटली की प्लग बसल्यासारखा दिसतो, पण आतले संपर्क अधांतरी असतात. भाड्याच्या खोलीत क्लिप शाबूत असलेली तार सापडणं हे भाग्यच म्हणायचं. त्यानंतर लॅपटॉपचा दुसरा यूएसबी पोर्ट, मग दुसरी तार, मग दुसरा लॅपटॉप. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दिव्याकडे एक नजर. घाईत माणूस तिन्ही गोष्टी एकदम बदलतो, नेट चालू होतं, आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कळायची संधी हातची जाते.

दिवा लागला असं धरू. तार बोटांत घ्या. आत आठ धागे आहेत, दोन-दोन पिळलेले. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार जोड्या, आणि प्रत्येकीत जोडीला एक पांढऱ्यावर त्याच रंगाची रेघ असलेला धागा. इथं थांबा, घाई नाही. १८८१ मध्ये ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांना असा पीळ देण्याचं पेटंट घेतलं. आपल्या तारेत जोडीतल्या एका धाग्यावरून संकेत जातो, दुसऱ्यावरून त्याच क्षणी त्याचा उलटा. खालच्या मजल्यावरचा एसी, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर यांचा गोंगाट पिळामुळे दोन्ही धाग्यांवर जवळजवळ सारखाच चढतो. पलीकडचं टोक दोघांतला फरक तेवढा वाचतं, आणि सारखा चढलेला गोंगाट वजाबाकीत उडून जातो. एसी चालूच राहतो, मोटर चालूच राहते. दिल्लीत राहणाऱ्यानं या गोष्टीपाशी चार श्वास जास्त थांबायला हरकत नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा तेही टेलिफोनच्या अशाच पिळाच्या जोडीवरून, मोडेमच्या किरकिरीसकट घरात आलं होतं.

वेगही एकदा पाहा. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. हजारावर चालणारी तार शंभरावर उतरली, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतला एखादा धागा तुटला असण्याचा संभव आहे. दिवा मात्र तसाच लागलेला राहतो. जुन्या यूएसबी २ पोर्टात डबी खोचली असेल तर तिथली मर्यादा ४८० मेगाबिटची. आणि नेट चालता चालता मध्येच जात असेल, तर वीज वाचवण्याच्या नादात विंडोज अ‍ॅडॉप्टरला झोपवत नाही ना, ते सेटिंग बघा.

आता पत्ता. कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहा, लॅपटॉपला जाळ्यावर मिळालेला आकड्यांचा पत्ता दिसेल. पत्ता नीट मिळालेला असेल, तर जवळून दूर असं विचारत जा. आधी १२७.०.०.१ ला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तराची वाट पाहा. हा लॅपटॉपचा स्वतःशीच संवाद. तार उपटून टाकली तरी उत्तर येतं. मग गेटवे, म्हणजे आपल्या जाळ्यातून बाहेर पडायचं दार. मग बाहेरचं एखादं ठिकाण आकड्यांनी, आणि शेवटी तेच नावानं. आकड्यांना उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर रस्ता ठीक आहे, नावांची वही हरवली आहे. मुंबईतल्या एखाद्या यंत्राकडून उत्तर आलं तर किती मिलिसेकंद लागले ते पाहा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, आणि दिल्ली-मुंबई सरळ रेषेत साडेअकराशेच्या आसपास. जाऊन येऊन अकरा-बारा मिलिसेकंदांच्या आत कोणालाच जमणार नाही. बाकीचे तारेच्या वळणांत आणि वाटेतल्या चौक्यांवर खर्च झाले.

पण समजा पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय. तार जोडल्याबरोबर लॅपटॉप तिच्यावर हाक मारतो: पत्ते वाटणारं इथं कोणी आहे का? उत्तर आलं नाही की थोडं थांबून तो स्वतःच स्वतःला पत्ता देतो, आणि तो नेमका असाच सुरू होतो. त्यावरून त्याच तारेवर तसाच घरगुती पत्ता लावून बसलेल्यांशी तेवढं बोलता येतं. वेशीबाहेर त्याला कोणी ओळखत नाही.

उत्तर का आलं नसेल? गल्लीतल्या जोडणीत एक कारण हमखास तपासावं. जाळ्याला जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो, बारा अंक-अक्षरांत लिहिलेला. त्याला मॅक म्हणतात. पुष्कळ केबलवाले जोडणी देताना तो लिहून घेतात आणि फक्त त्यालाच दार उघडतात. हा क्रमांक या डबीचा आहे, लॅपटॉपचा नाही. जुनी डबी बिघडली, नवी आणली, की दारावर अनोळखी पाहुणा उभा. लॅपटॉप तोच, महिन्याचे पैसे भरलेले, आणि तरी तारेच्या लेखी तुम्ही कोणी नाही. लातूर-नांदेडहून येऊन इथं खोली घेतलेल्याला ही अवस्था परिचयाची आहे: घरमालक पोलिस ठाण्यात नोंद करून येईपर्यंत गल्लीच्या हिशेबी माणूस नसतोच.

यावर जरा बसून राहा. तारेवर मी म्हणजे बारा अंक-अक्षरं. ही डबी शेजारच्या खोलीतल्या मुलाला दिली आणि त्यानं ती याच तारेला जोडली, तर तो मी होईल आणि मी बाहेर उभा राहीन. रागावण्यासारखं यात काही नाही. तारेला नाव विचारायची सोयच नाही, ती दिसेल ते वाचते.

आता फोन उचला. पलीकडून बहुतेक आधी ‘पीछे से बंद है’ असं येईल. भांडू नका. दिवा लागलाय, पत्ता एकशे एकोणसत्तरचा येतोय, डबी नवी आहे, एवढं शांतपणे सांगा. तो म्हणेल, नया मॅक बोलो. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’च्या पुढे ‘स्लॅश ऑल’ जोडलं की तो दिसतो. दोन-दोन अक्षरं करून वाचा. फोनवर ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात, म्हणून बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली.