अबोला आणि अनासक्ती

मानसशास्त्रातल्या ‘अटॅचमेंट’ला मराठीत ‘आसक्ती’ म्हटलं की घोटाळा सुरू होतो. आसक्ती वाईट, हे आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं. मग बायको रडत असताना वर्तमानपत्रातून मान वर न करणारा नवरा उगाचच स्थितप्रज्ञ वाटू लागतो. जॉन बोल्बी यांनी १९६९ साली ज्या बंधावर ग्रंथ लिहिला, तो म्हणजे घाबरलेल्या मुलाची ओळखीच्या कुशीकडची ओढ. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हाच बंध मोठ्यांच्या प्रेमात शोधला. कुणाला जोडीदाराचा भरवसा असतो, कुणी सदा धास्तावलेला, तर कुणी जवळीक वाढली की मागे सरणारा. धास्तावलेला आणि मागे सरणारा एका घरात आले की एक विचारत राहतो, दुसरा मिटून घेतो. आणि तो जितका मिटतो तितकं विचारणं वाढतं.

या मिटून घेण्याला वैराग्य म्हणता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. मेरी डोझियर आणि रॉजर कोबाक यांनी १९९२ मध्ये काही तरुणांना आईवडिलांबद्दलचे नाजूक प्रश्न विचारले. विषय टाळून शांत दिसणाऱ्यांच्या त्वचेवरची विद्युत-मोजणी मात्र ताण वाढल्याचं सांगत होती. बाहेरून इंद्रियं आवरलेली आणि मन आत घोळतंय, अशा माणसाला गीतेचा तिसरा अध्याय मिथ्याचारी म्हणतो. दुसऱ्या अध्यायातली संगापासून क्रोधापर्यंतची साखळी धास्तावलेल्याला लागू पडते: ‘फोन का नाही उचललास?’ हा पाचव्यांदा विचारलेला प्रश्न काळजीतून निघतो आणि रागात संपतो. दोघेही अडकलेलेच. सुटका कशाने होते? ब्रुक फीनी यांच्या २००७ च्या अभ्यासात, ज्यांचं विसंबणं जोडीदाराने मोकळेपणाने स्वीकारलं, ती माणसं पुढच्या सहा महिन्यांत अधिक स्वावलंबी झाली. भरवसा मिळाला की मूठ आपोआप सैल होते.

गीता मोक्षाचं सांगते, संसारसुखाचं नाही, असा आक्षेप येईल. तेरावा अध्याय बायको, मुलं, घर यांत न गुंतण्याबद्दल सांगतो, हे खरंच. पण ज्ञानाच्या त्याच लक्षणांत अहिंसा, क्षमा आणि आर्जव, म्हणजे सरळपणा, हेही आहेत. आठवडाभर धरलेल्या अबोल्यात यांतलं काय उरतं? दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. गप्प बसणं हा नेहमी स्वभाव नसतो. अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये दाखवलं की कोण मागतो आणि कोण माघार घेतो, हे बदल कुणाला हवा आहे यावरही ठरतं. ज्याचं आहे तसं बरं चाललंय, त्याला गप्प राहणं परवडतं. आणि मार खाण्याच्या भीतीने गप्प बसलेल्या बाईला तिची ‘बंधशैली’ समजावणं हा अन्याय आहे. तिथे आधी भय जायला हवं.

जिथे भय नाही, तिथे मात्र अध्यात्माची सबब चालू नये. बृहदारण्यक उपनिषदातले याज्ञवल्क्य ऋषी तर घर सोडूनच निघाले होते. तरी पत्नी मैत्रेयीने विचारलं तेव्हा ते बोलले. तुमच्या बोलण्याने मी गोंधळले, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. मगच ते गेले.