वेतोबाच्या चपला

लाल डोळे काढायला मला अकरा मिनिटं लागली. बुबुळांच्या जागी दोन ठिपके, त्यांच्याभोवती मऊ लाल वलय, थोडी चकाकी, झालं. गेली सव्वीस वर्षं मी चित्रपटांची पोस्टरं करतोय, हात बसलाय. पण त्या रात्री कॉम्प्युटर बंद केल्यावर झोप आली नाही, आणि ती का आली नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही.

चित्रपट मराठी होता, भयपट, बजेट बेताचं. कोकणातलं गाव, जुना ग्रामदेव, आणि शेवटी कळतं की लोक ज्याला देव म्हणून पुजतात तोच माणसं मारतोय. निर्माता सज्जन माणूस. त्याला हवं होतं ते सरळ होतं : शेंदूर फासलेली उंच मूर्ती, शेंदराचे ओघळ खाली येता येता रक्ताचे झालेले, आणि डोळे पेटलेले. त्यानं संदर्भासाठी पाठवलेले फोटो उघडले आणि मी मूर्तीच्या ठेवणीवरूनच ओळखलं. हा आमचा वेताळ, वेतोबा.

आईचं माहेर वेंगुर्ले तालुक्यात, आरवलीजवळ. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या भल्याथोरल्या चपला वाहतात. देव रात्री गावाभोवती फेरी मारतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. लहानपणी आजोळी रात्री पाचोळा वाजला की मी आईला बिलगायचो. ती म्हणायची, "भियां नको. तो फिरता म्हणान आमी निजतव." तो फिरतो, म्हणून आपण झोपतो. अंधारात चालणारी तीच पावलं, पण त्या घरात ती ऐकून माणसं कूस बदलून पुन्हा झोपत.

भीती विकण्यात पाप आहे असं मी मानत नाही. भरतानं नाट्यशास्त्रात आठ रसांत भयानकाला जागा दिली आहे, आणि त्याची सामग्रीही सांगितली आहे : ओसाड घर, अरण्य, घुबड, कोल्हेकुई, भुताचं दर्शन. आजच्या कुठल्याही भयपटाच्या मीटिंगमध्ये हीच यादी निघते, फक्त कोल्ह्याच्या जागी कुत्रा येतो. भरत रंगही सांगतो. भयानकाचा काळा, बीभत्साचा निळा. हे मी वाचलं तेव्हा हसू आलं, कारण छापखान्यात आम्ही नेमकं हेच करतो. नुसती काळी शाई छापली तर ती मोठ्या कागदावर करडी, मेलेली दिसते. काळ्याला काळं करायला त्यात निळी घालावी लागते. भयात थोडा बीभत्स मिसळल्याशिवाय ते भिंतीवर उठत नाही.

नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त आणखी पुढे जातो. भयानक रसासाठी तो शाकुंतलातलं हरीण घेतो, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून मागे बघत पळणारं. त्याचं म्हणणं असं, की ते पाहताना उरणारी भीती हरणाची राहत नाही आणि माझीही होत नाही. ती कुणाचीच नसते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. मला हे पटतं, आणि धंद्यातही उपयोगी पडतं : भूत दाखवू नका, मान वळवणारा माणूस दाखवा.

पण माझी अडचण इथेच आहे. अभिनवगुप्ताचा प्रेक्षक नाटक बघायला स्वतःच्या पायानं आलेला आहे. पोस्टर रस्त्यावर असतं. ते बघणाऱ्यानं तिकीट काढलेलं नसतं, अंधार व्हायची वाट पाहिलेली नसते, शेजारी मित्र बसलेला नसतो. 1984 साली रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळेच्या वाटेवर एका भिंतीला त्याचं पोस्टर खळीनं डकवलेलं होतं. चित्रपट उतरला, पावसानं कागद सोलला, तरी मी वर्षभर लांबच्या वाटेनं शाळेत गेलो. ती भीती कुणाचीच नव्हती असं नव्हे. ती पूर्णपणे माझी होती. रसाला रंगमंच लागतो, आणि पोस्टरला तो नसतो.

तरी मुलं घाबरतात, मोठी होतात. मी तर पुढे त्याच धंद्यात शिरलो. झोप उडाली ती यामुळे नाही.

मराठीत भीतीला शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मास्तरांचा धाक, पोलिसांचा वचक, परीक्षेची धास्ती. अचानक मांजर अंगावर उडी मारतं तो धसका. आणि दरारा. दरारा मोठ्याचा असतो, आणि बहुतेक वेळा आपल्याच माणसाचा असतो. आजोबांचा दरारा होता म्हणताना आवाजात थोडा अभिमान येतो. वेतोबाचा आहे तो दरारा. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला जे होतं तेही याच जातीचं. समोर परका नाही, सारथी आहे, सखा आहे. फक्त तो आपल्या खऱ्या आकारात दिसला, आणि अर्जुन थरथर कापत म्हणतो की पूर्वीचं रूप घे.

बृहदारण्यक उपनिषदात मात्र भीतीचा दुसरा उगम आहे. आरंभी आत्मा एकटा होता, एकटा म्हणून घाबरला. मग विचार केला की माझ्यावाचून कुणी नाहीच तर भ्यायचं कुणाला, आणि भीती गेली. भय असतं ते दुसऱ्याचं. माझा सगळा धंदा या एका निष्कर्षावर चालतो. पोस्टरवर मला कुणीतरी 'दुसरा' उभा करावा लागतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो आम्ही नेहमी सोयीच्या ठिकाणाहून उचलतो : मोकळ्या केसांची बाई, पांढऱ्या साडीतली विधवा (आमच्याकडे जुन्या घरांत विधवा लाल आलवणात असायची, पण हे सांगून मीटिंगमध्ये उपयोग नसतो), गावाकडचा भगत, वेशीवरचा देव. मंदिराच्या शिखराखालच्या देवाला लाल डोळे लावा असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. वेशीवरच्याला सांगतात.

तेव्हा प्रश्न देवाच्या अपमानाचा नाही. देव समर्थ आहे. प्रश्न असा, की आईला झोपवणारा दरारा घ्यायचा, त्यातला आपलेपणा खरवडून काढायचा आणि उरलेला धसका विकायचा. हे मला चोरीसारखं वाटतं, आणि चोरी करणारा हात माझा होता.

दरारा पोस्टरवर येतच नाही असंही नाही. 1973च्या 'द एक्झॉर्सिस्ट'चं बिल गोल्डनं केलेलं पोस्टर आठवा. रात्र, दिव्याचा खांब, खिडकीतून पडलेला उजेड, आणि त्यात पाठीनं काळा पडलेला, हातात बॅग घेतलेला एक धर्मगुरू. मॅग्रिटच्या चित्रावरून सुचलेली ती चौकट. सैतान कुठेच नाही. आहे तो रात्री कामावर निघालेला माणूस. माझ्या मते भयपटाचं याहून मोठं पोस्टर झालेलं नाही, आणि ते बघताना मला दर वेळी वेतोबाच आठवतो.

म्हणून मी निर्मात्याला आधी दुसरं डिझाइन दिलं होतं. सारवलेलं अंगण, पहाटेआधीचा निळसर काळोख, आणि मध्ये चामड्याच्या प्रचंड चपलांचा जोड. पायात कुणी नाही. त्यानं ते फोनवर अंगठ्याएवढं करून बघितलं. "भीती कुठाय यात? ही तर चपलांच्या दुकानाची जाहिरात वाटते." त्या आकारात ती तशी वाटत होती, हे मान्य करायला हवं. मग मी डोळे काढले. शीर्षकाच्या शिरोरेषेला भेग पाडली, वेलांटीची नखं केली. पैसे वेळेवर मिळाले.

गणपतीत गावी गेलो तेव्हा आईला दोन्ही दाखवली. छापलेलं पोस्टर तिनं बघितलं न बघितलं केलं. कोण आहे हा, असं विचारलं. भूत, म्हटलं. बरं, म्हणाली. तिनं त्याला ओळखलंच नाही. चपलांचं मात्र तिनं बोटांनी मोठं केलं, चष्मा सरकवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही त्येची नाय," ती म्हणाली. "तळ खंय झिजलेत?"

खरंच झिजलेले नव्हते. मी सावंतवाडीतल्या दुकानातल्या नव्या जोडाचा फोटो वापरला होता.